मधल्या बँकेनं कापलेलं

लग्न होऊन कामरगावला आले तेव्हा माहेरची शिलाई मशीन सोबत आणली होती. बस स्टँडजवळ नवऱ्यानं एक गाळा भाड्यानं घेऊन दिला आणि मी फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे ड्रेस शिवू लागले. याडी मला त्या गाळ्यातच भेटली. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. धनज गावाच्या बाजूला एक बंजारा तांडा आहे, तिथले लहानथोर तिला याडीच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

काखेत उसवलेली एक जुनी कांचळी, म्हणजे बंजारा चोळी, घेऊन ती आली होती. तिच्यावर आरशांचे तुकडे आणि कवड्या अशा बसवल्या होत्या की मी ती टेबलावर पसरून नुसती बघत राहिले.

"पाहून काय राह्यली वं?" याडी म्हणाली. "फाटलं ते शिव."

"याडी, असं काम आता कोन करते?"

"आमीच करतो. दुसरं कोन करन?"

मी तिला पिशवीसाठी जाड कापडाचा एक चौकोन दिला आणि त्यावर काहीही काढ म्हटलं. बाजाराच्या दिवशी ती तो घेऊन आली. मी त्याची पिशवी शिवली, फोटो काढले आणि एका ऑनलाईन दुकानावर टाकले. बरेच दिवस कोणी विचारलं नाही. मग परदेशातल्या एका बाईनं ती घेतली. कारंज्याच्या पोस्टातून मी ती पाठवली तेव्हा पत्त्याचं एकेक अक्षर दोनदा तपासलं.

हळूहळू तांड्यातल्या डझनभर बाया कामाला लागल्या. त्या भरतकाम करायच्या, मी पिशव्या शिवायची. पैसे ऑनलाईन कंपनीकडून रुपये होऊनच खात्यात पडायचे. तीही त्यातून काहीबाही कापून घ्यायची, पण रकमा लहान होत्या आणि जे हाती येईल ते मी वाटायची. आधी कोणाला आकडा सांगायचा प्रश्न नव्हता. याडीची सून तर म्हणायची, "हे तं फुकटचेच पैसे. दुपारी बसल्या बसल्या."

मग एके वर्षी पोळ्यानंतर मोठी ऑर्डर आली. अमेरिकेतल्या एका दुकानदारीणबाईला त्यांच्या नाताळाच्या आधी पिशव्यांचा मोठा गठ्ठा हवा होता. पैसे ती बँकेतून थेट पाठवणार होती. मी तांड्यात गेले. कडुलिंबाखाली सगळ्या जमल्या. या वेळेस मात्र सुनेनं आधी विचारलं, "एकीले किती भेटन ते सांग. सोयाबीनची सोंगनी तोंडावर आली. तिकडची मजुरी सोडून बसाचं तं मालूम पाह्यजे."

विचारणं बरोबर होतं. सोंगणीचे, कापणीचे दिवस म्हणजे वर्षातली चांगली मजुरी. मी मोबाईलवर डॉलरचा भाव पाहिला, कापड आणि पार्सलचा खर्च वजा केला, माझी शिलाई वजा केली आणि आकडा सांगितला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. सोंगणीपेक्षा थोडे जास्तच होत होते आणि कंबर वाकवायची नव्हती.

त्या वर्षी त्या शेतात गेल्या नाहीत. दिवाळीच्या आत काम संपलं. याडीनं प्रत्येक तुकडा हातात धरून पाहिला, दोघींचे टाके उसवून पुन्हा घालायला लावले. माल पोचला. दुकानदारीणबाईनं लिहिलं की असं सुंदर काम तिनं पाहिलं नव्हतं. पैसे पाठवले, असंही कळवलं.

पैसे लगेच आले नाहीत. बँकेनं आधी कसले पैसे आहेत याचा फॉर्म मागितला. तो भरून दिला. तोवर तांड्यातून रोज कोणी ना कोणी गाळ्यात डोकावून जायचं. शेवटी मोबाईलवर मेसेज आला. मी तो उघडला, हिशेब केला, परत केला. माझ्या आकड्यापेक्षा बरेच कमी होते. एकेका बाईमागे दोन-तीन दिवसांची मजुरी गायब होती.

मी अमेरिकेतल्या बाईला लिहिलं. तिनं बिचारीनं त्याच दिवशी उत्तर दिलं. डॉलर बदलण्याचा त्रास आम्हाला नको म्हणून तिनं तिच्या बँकेला सांगून रुपयेच पाठवायला लावले होते. चांगल्या मनानं केलं होतं. पण तिथल्या बँकेनं मोबाईलवरचा भाव कशाला द्यावा? तिनं आपला भाव लावला. पुढे वाटेत एका मधल्या बँकेनं आपलं कापलं, इथे आल्यावर इथल्या बँकेनं आपलं.

मला हे समजायलाच बरेच दिवस लागले. तांड्यात ते कसं सांगायचं? मी सांगितलं. लिंबाखाली उभी राहून, जमेल तसं सांगितलं.

"म्हनजे तिनं पुरे देल्ले," सून म्हणाली.

"हो."

"अन् तुह्याजवळ कमी आले."

"हो ना बाई. मधातच कापले."

"मधात तं तूच हायेस."

मी पैसे वाटले. बायांनी ते मोजले आणि कमरेला खोचले. एक बाई उठता उठता म्हणाली, "सोंगनीले गेलो असतो तं बरं झालं असतं." याडी माझ्याकडे न बघता घराकडे वळली. तेच मला जास्त लागलं.

मी याडीला म्हटलं, तू माझ्यासोबत वाशिमला चल, मोठ्या शाखेत. साहेबाच्या तोंडून ऐक. ती तयार झाली. आम्ही सकाळच्या बसनं गेलो. तिनं धुतलेला पेटिया, म्हणजे घागरा, घातला होता, डोक्यावर टुकरीची ओढणी, हातात कोपरापर्यंत बांगड्या. बँकेत लोक वळून पाहत होते.

साहेब भला माणूस होता. फॉर्मच्या वेळेस मी दोनदा येऊन गेले होते, म्हणून त्यानं ओळखलं. "या मॅडम, बसा," म्हणाला. खुर्ची एकच होती. मी याडीला बसवू लागले, ती खाली फरशीवर बसली. त्यानं संगणकात बघून सांगितलं, "पैसे रुपयांतच आले आहेत. आमचे फक्त चार्जेस लागले. बाकी आधीच कट झाले."

"कोनं काटले?" याडीनं खालून विचारलं.

"मधल्या बँकेनं, आजी. आणि भाव तिकडच्या बँकेनं लावला."

"ते मधली बँक कोठी हाय?"

"तिकडेच. अमेरिकेत."

"तिनं काय काम केलं?"

साहेबानं पुन्हा संगणकाकडे पाहिलं. "पैसे पुढे पाठवले."

"एवढंच?"

"एवढंच."

याडी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिला पटलं. तिचा प्रश्न माझ्याच मनातला होता. परतीच्या बसमध्ये मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. मी तिला खायला केळी घेतली. मंगरूळपीर मागं पडल्यावर ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "तो साहेब तुह्या वळखीचा दिसते."

"फॉर्म भराले आली होती ना मी, याडी."

"हो. तुले खुर्ची देल्ली त्यानं."

कारंजा आलं तरी केळी तिच्या मांडीवर तशीच होती.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फरक आपल्या जवळून देऊन टाक. तांड्यातले मानसं आपल्या वावरात कामाले येतात. झंझट कायले पाह्यजे?" मलाही तेच बरं वाटलं. शिलाईचे माझे पैसे होते, त्यात थोडी भर घातली आणि तांड्यात जाऊन प्रत्येकीला कबूल केलेला आकडा पुरा करून दिला. वाटलं होतं, आता कोणाच्या मनात काही राहणार नाही.

आठवडी बाजारात मी कोथिंबीर घेत होते. पाठीमागे तांड्यातल्या दोघी बोलत होत्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"खाल्ले नसते तं वापस काहून देल्ले?"

"साहेबाकडं गेल्यावर भेव वाटलं असन."

मी कोथिंबीर तिथंच ठेवून घरी आले. रडूही आलं नाही. मी पैसे दिले नसते तर चोर ठरले असते आणि दिले म्हणून चोर ठरले होते. तिसरी वाट मला अजून सापडलेली नाही.

दुकानदारीणबाईनं पुढच्या हंगामासाठी दुप्पट माल मागितला. आता मला सगळं समजलं होतं. डॉलरमध्येच पाठव, सगळे चार्जेस तू भर, एवढं तिला लिहायचं होतं. आणि तिनं ते केलंही असतं. पण माझ्यासाठी भरतकाम करणारं कोणी उरलं नव्हतं. तांड्यातल्या बहुतेक नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला पश्चिमेकडे निघून गेल्या होत्या. ज्या मागं राहिल्या त्यांच्याकडे अकोल्याकडून एक व्यापारी येऊ लागला. तो तुकडा हातात घ्यायचा, भाव सांगायचा आणि तेवढ्या नोटा जागेवर द्यायचा. माझ्या निम्म्याहून कमी. एकदा मी एकीला म्हटलं, "बाई, तो लुटून राह्यला तुमाले."

ती म्हणाली, "लुटते, पन सांगून लुटते."

मी ऑनलाईन दुकान बंद केलं. बाईला कळवलं की कारागीर मिळत नाहीत. तिनं वाईट वाटल्याचं लिहिलं. चूक तिच्या हातून सुरू झाली हे मी तिला कधीच लिहिलं नाही. तिचा हेतू चांगला होता, आणि लिहून मिळणार काय होतं?

याडी त्यानंतरच्या थंडीत गेली. तांडा रिकामा होता, सून-मुलगा उसाच्या फडात. खांदा द्यायला माणसं कमी पडली म्हणून धनजहून निरोप आला आणि माझा नवरा गेला. मी दुसऱ्या दिवशी जीपनं गेले. सून रात्रभर प्रवास करून आली होती, तळहातांवर कोयत्याचे घट्टे, पापण्या सुजलेल्या. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली.

लोटा हातात धरून मी विचारलं, "याडी माह्यावर रागावलेली होती काय वं?"

"नाई," ती म्हणाली. खरं बोलत होती, चेहऱ्यावर कसलीच अढी नव्हती. "राग नाई केला तिनं कधी. म्हने, पोरगी चांगली होती, पैशानं बिघडली."

मी पाणी प्यायले. लोटा खाली ठेवला. मी एक पैसाही खाल्ला नाही हे सांगायचं होतं, पण त्या घरात सुतक होतं आणि ज्या माणसाला सांगायचं ते गेलं होतं. सून आत चूल पेटवायला उठली. मी रस्त्यावर येऊन जीपची वाट पाहत उभी राहिले.