जंताची आई

माझी जीभ जन्मापासून सैल आहे. भाजीवाल्याने दोन वांगी वर टाकली तर घरी पोचेपर्यंत त्यांची टोपली होते. ह्यांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा मी पुण्याच्या बहिणींना फोनवर सांगितलं, की आमच्या बेहाला भागातले डास मच्छरदाणी उचलून आत येतात आणि जाताना नीट खोचून जातात. बहिणींनी विश्वास ठेवला नाही. त्या कधीच ठेवत नाहीत.

विश्वास ठेवला तो एकाच माणसाने, आणि ते माणूस सात वर्षांचं होतं.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची ती मुलगी. मागच्या वस्तीत एका खोलीत राहायची. साऱ्या गल्लीला मिळून एक संडास. आई मला बौदी म्हणे, म्हणजे वहिनी, आणि ही जेठीमा, म्हणजे मोठी काकू. शाळा सुटली की आईचं काम होईस्तोवर माझ्याजवळ बसायची. पोट नगाऱ्यासारखं, हातापायांच्या काड्या, आणि माझं लक्ष नसलं की भिंतीचा चुना खरवडून खायची.

मी लगेच पुण्याहून आणलेला वावडिंगाचा डबा काढला. आमच्याकडे वावडिंगाचं पाणी प्यायल्याशिवाय बाळाला रांगायची परवानगी नसते. तिने एक घोट घेतला आणि माझ्याच साडीवर परत केला. मग आम्ही तिला वॉर्डातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते वावडिंग राहू द्या. पोटात जंत आहेत, रक्त कमी झालंय. बुधवारी शाळेत गोळी देणार आहेत, ती चुकवू नका. आणि हात धुवायला शिकवा."

"मागच्या वेळी शेजारच्या पोराला गोळीने उलट्या झाल्या," आई घरी येताना म्हणाली. "म्हणून हिला घरीच ठेवलं होतं, बौदी. आता पाठवते. पण ही तोंड उघडेल तर ना."

तोंड उघडायचं काम मी घेतलं. रोज दुपारी गोष्ट. तिच्या पोटात म्हणे एक जंत आहे, चौदा हात लांब, खिदिरपूरच्या गोदीत बोटीतून उतरलेला. हिने भात गिळला की आधी तो पंगतीला बसतो. माशाचं डोकं त्याला, काटे हिला. त्याची भावंडं नखांतल्या मळात दबा धरून बसतात, आणि हात न धुता घास घेतला की बिनतिकिटाची आत.

"आणि साबण लावला की?"

"घसरून पडतात."

चार दिवसांत माझा अख्खा साबण चिंचोक्याएवढा झाला. संडासला जाऊन आली की कोपरापर्यंत हात धुवायची आणि आईलाही धुवायला लावायची.

तिथेच थांबायला हवं होतं. पण माझी स्वतःची मुलं तिसऱ्या वाक्याला "आई, खरं सांग" म्हणत मोठी झालेली, आणि इथे समोर एवढासा जबडा उघडा. सोमवारी मी त्या जंताला एक आई दिली. ती गोदीच्या धक्क्यावर बसून त्याची वाट बघते. मंगळवारी तिला मोतीबिंदू झाला.

मंगळवारीच पोरगी म्हणाली, "मी गोळी घेणार नाही."

"का गं?"

"तो मरेल. त्याच्या आईला दिसत पण नाही."

तिची आई फेसाळल्या हातांनी बाहेर आली. "जंताला आई? बौदी, हे तुम्ही सांगितलंत? मग हिची आई कोण, तेही सांगून टाका."

गोळी म्हणजे त्याचं परतीचं तिकीट, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मग ही त्याला परत बोलवायला हात धुवायचं सोडून देईल, हेही मला दिसलं. तिच्या आईच्या चेहऱ्याकडे बघून मी आयुष्यात क्वचित करते ते केलं.

"तो चौदा हात नाही," मी म्हटलं. "वीतभर असतो. घाणीतून, मातीतून, न धुतलेल्या हातांतून येतो. त्याला कोणाची ओळख नसते. तुझं अन्न खातो आणि तुला अशी करून ठेवतो."

"आणि आई?"

"नाही."

"धक्का?"

"धक्का आहे. त्यावर कोणी बसलेलं नाही."

"सगळं खोटं?"

"हात धुवायचं सोडून सगळं."

बुधवारी तिने गोळी चावून खाल्ली आणि शाळेतल्या बाईंना जीभ काढून दाखवली.

त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर गोळीची एकही वेळ चुकली नाही, पोट आत गेलं, गाल वर आले. काही महिने ती माझ्याजवळ बसत राहिली, पण मांडीवर पुस्तक घेऊन. मी "काल बाजारात एक मासा" एवढं म्हटलं की नजर वर, "खरा?" मी "खरा म्हणजे" म्हणेपर्यंत नजर पुन्हा गणितात. आता दुपारी ती शिकवणीला जाते. हे म्हणतात, पोर बरी झाली, आणखी काय हवं तुला. मला ते गालही हवेत आणि तो उघडा जबडाही हवा, हे ह्यांना कसं सांगू.

यंदा दुर्गापूजेत आईबरोबर नवा फ्रॉक दाखवायला आली. मी पेरू कापला. न सांगता हात धुऊन आली, नीट बसून खाल्ला. पेरूवरून एक झकास थाप माझ्या दातांपर्यंत आली होती.

"जाऊ, जेठीमा? मैत्रिणी थांबल्यात."

जा म्हटलं. पूर्वी दोन मजले चढताना मधे दोनदा बसायची ही. आता तीन-तीन पायऱ्या उडवत गेली. मी कठड्याशी उभी राहिले, खाली तिच्या मैत्रिणींचा कलकलाट ऐकू येईनासा होईपर्यंत.