धुतलेली चवळी

आईची ऑफिसातली मैत्रीण निवृत्तीनंतर घाटकोपरला टेकडीलगतच्या बैठ्या घरात राहते आणि एक शेळी पाळते. आमचं घर विलेपार्ल्याला, जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर. मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मातीची एक पट्टी आहे. मैत्रिणीला दिवाळीच्या सुमारास मुलीच्या बाळंतपणासाठी जालन्याला जायचं होतं, आणि त्याच्या थोडं आधी शेळीही व्यायची होती. शेळी तोवर कुठे ठेवायची, हा प्रश्न दोघींनी फोनवरच सोडवला. घरातल्या बाकीच्यांना निर्णय कळला तो बियांची पुडी हातात आल्यावर.

"आधी तिचं खाणं पेर, मग तिला आणते," मैत्रीण आईला म्हणाली.

पुडीत चाऱ्याची चवळी होती. वाण्याकडच्या चवळीपेक्षा दाणे बारीक आणि तपकिरी. पट्टीत बाबांची अबोली होती. तिचं काय, असं त्यांनी विचारलं.

"काळजी करू नका भाऊजी, शेळी अबोलीही खाते," मैत्रीण म्हणाली.

गणपतीच्या दिवसांत पेरलेली चवळी महिन्याभरात भिंतीला लागली आणि गच्चीवरून येणाऱ्या पाइपावर चढली. पुढे तिला फिकट जांभळी फुलं आली. आईच्या डोळ्यांसमोर लगेच भाजी उभी राहिली. थोड्या शेंगा धरू देत की, असं तिने फोनवर सुचवून पाहिलं.

"तुझ्या ताटासाठी पेरलेली नाही ती," पलीकडून उत्तर आलं. "फुलं दिसली ना, की कापायला घ्यायची. शेंगा भरल्या की वेल चिवट होतो. कोपऱ्यातली एक ओळ सोड बियाण्याला. बस."

शेळी रिक्षातून आली. तपकिरी रंगाची, पांढऱ्या कानांची. तिचं पिल्लू मैत्रिणीच्या मांडीवर, भाजीच्या नायलॉनच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी शेळी ओरडते का, एवढीच चौकशी केली.

"माझ्यापेक्षा कमी," मैत्रीण म्हणाली.

जाताना तिने शेळी वेलांपासून आणि अबोलीपासून लांब बांधली आणि आईला सगळं नीट सांगितलं. सुकं गवत, मूठभर भरडा आणि दोन वेळा चवळी. "दूध त्या चवळीवर आहे गं. पिल्लू अजून दुसरं काही तोंडात घेत नाही. तेवढं सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चवळी कापली. मग आमच्या घरात आलेल्या प्रत्येक पालेभाजीचं जे होतं, ते तिचंही झालं. पिवळी पानं निवडली, जाड देठ मोडून टाकले, आणि परातीत पाणी बदलून बदलून ती तीनदा धुतली. चाळणीत जरा निथळल्यावर घमेल्यात घालून शेळीपुढे ठेवली. शेळीने वास घेतला, मान झटकली आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळीही तेच. आईला वाटलं, भिंतीवरचे कावळे वेलांवर घाण करत असणार. तिने आणखी एक पाणी वाढवलं.

शेळी सुकं गवत चघळत होती, भरडा चाटत होती, पण दूध कमी झालं. पिल्लू कासेला ढुशा द्यायचं, तोंड काढायचं आणि ओरडायचं. आईने जालन्याला फोन लावला.

"खात नाही गं ती."

"कोवळी आहे ना?"

"अगदी कोवळी. देठसुद्धा काढून टाकते मी."

"देठ कशाला काढतेस? जावई बसलाय का जेवायला?"

देठ ठेवायचे ठरले आणि फोन संपला. धुण्याचा विषय निघालाच नाही. आईला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटत नव्हती, आणि मैत्रिणीच्या ती स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. बातमीदारीत मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. दोन्ही बाजू खरंच बोलतात आणि मुद्द्याचं कुणी विचारत नाही.

देठांसकट धुतलेली चवळीही शेळीने नाकारली. आई मागच्या पायरीवर बसून राहिली. गॅसवर काहीच चढलं नव्हतं.

"त्या पिल्लाला काही झालं तर तिला काय तोंड दाखवू मी?"

बाबांना अन्न टाकवत नाही. त्यांनी ते ओले वेल कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकले आणि आपल्या पंचाशेजारी चिमटे लावून ठेवले. सुकले तर सुका चारा म्हणून देऊ, असा त्यांचा हिशेब. ऑक्टोबरचं ऊन होतं.

दुपारी बाबांची हाक आली. "अगं ये, बघ आधी! पंचा खाल्ला माझा!"

शेळी मागच्या पायांवर उभी होती. पुढचे पाय भिंतीला लावून ती दोरीवरचे मलूल वेल ओढून ओढून खात होती. त्यांच्याबरोबर पंचाचं एक टोकही गेलं होतं. खाली पिल्लू तिच्या पायांत घुटमळत होतं.

आईने पंचाकडे पाहिलं. "धुतलेला होता ना? मग काही होत नाही."

शेळीला ओला पाला नको होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. त्या संध्याकाळी तिने चवळी कापली, नळाकडे वळली, थांबली, आणि तशीच दोरीवर टांगली. न धुता कुणाला खायला घालणं तिला किती जड जात होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. शेळीने एक पान शिल्लक ठेवलं नाही. पुढच्या दोनतीन दिवसांत कास भरली, पिल्लाचं पोट गोल झालं आणि ते पायरीवरून उड्या मारायला लागलं. वरच्या मजल्यांवरची माणसं चहाचे कप घेऊन खिडकीत येऊ लागली.

दिवाळीनंतर मैत्रीण नातीचे फोटो घेऊन आली. फोटो नंतर. आधी तिने शेळीच्या कासेला हात लावला, मग पिल्लाच्या पाठीवरून तो फिरवला. मान डोलावली. तेव्हा कुठे तिला दोरीवर चिमटे लावलेली चवळी दिसली.

"हे काय?"

बाबांनी काहीही न गाळता सांगितलं. ती हसता हसता पायरीवर बसली.

"चूक माझीच हो भाऊजी. एवढी वर्षं हिच्या डब्यातलं खाल्लं, मला माहीत नाही का? कोथिंबीरसुद्धा तीनदा धुणारी बाई ही."

"मग सांगितलं का नाहीस गं?" आई म्हणाली.

"शेळीची भाजी धुतं का गं कुणी!"

तेवढ्यात पिल्लू कोपऱ्यात बियाण्यासाठी राखलेल्या ओळीपाशी गेलं. त्याने एक पान हुंगलं, ओढलं आणि चावायला सुरुवात केली. दुधाशिवाय त्याने तोंडात घेतलेलं ते पहिलंच.

"अगं, बियाणं!" आई ओरडली.

पण उठलं कुणीच नाही. आईसुद्धा.