चार नंबरचा ग्लास

क्लबात त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे कसाई म्हणत आणि तोही निमूटपणे ओ देई. घरच्या घरी हौसेने बिअर बनवणाऱ्यांचा तो क्लब. कोणी शिंपी, कोणी शाळामास्तर, कोणी टायरचं दुकान चालवणारा. माणसाने महिना-दीड महिना राबून केलेली बाटली मोठ्या आशेने याच्या पुढ्यात ठेवावी, आणि या गृहस्थाने एक घोट घेऊन, छताकडे बघून म्हणावं, "ओला पुठ्ठा." संपलं. पन्नासपैकी एकोणीस. समोरच्याचं तोंड उतरलेलं त्याला दिसत नसे असं नाही. पण बिअरचे मार्क बिअरला, तोंडाचे तोंडाला, असा त्याचा हिशेब होता. तो चुकीचा होता असं मला तरी वाटत नाही.

पोटापाण्याचा धंदाही तोच. एका मोठ्या कारखान्यात तो चव बघायचा. पांढऱ्या फरशीची, बिनखिडकीची खोली, कसला म्हणून वास नाही, आणि टेबलावर रोज सकाळी त्याच त्या फिक्या लागर बिअरचे ग्लास. लोक हेव्याने म्हणत, काय चैन आहे बुवा, बिअर प्यायची आणि वर पगार घ्यायचा. त्यांना काय सांगणार, की "कालच्यासारखीच आहे" एवढं एकच वाक्य वर्षानुवर्षं बोलायचा तो पगार होता. त्यापायी त्याने वासाचा साबण सोडला, टूथपेस्ट सोडली, बायकोने वाढदिवसाला आणलेलं अत्तर कपाटात तसंच ठेवलं. बायको वैतागून म्हणे, तुमच्याशी संसार म्हणजे हॉस्पिटलात खाट घेऊन राहणं.

त्याला कसाई हे नाव दिलं ते मात्र क्लबाने नव्हे, त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस सोन्यासारखा, पण दम धरणं म्हणून नाही. अडकलेल्या लिफ्टचं दार उघडायच्या आत आतल्या माणसांना हात देऊन बाहेर ओढायला बघणारा. लहानपणी घरात लिंबाचं सरबत करायचं काम दादाचं. दोन पेल्यांत थोडी वेगवेगळी साखर घालायची, धाकट्याला डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचं, "हं, खरं सांग. चांगलं कुठलं?" आणि धाकटा खरं सांगायचा. दादाने जीव ओतून केलेल्या पेल्याला नावं ठेवायचा. दादा त्याच्या पाठीत धपाटा घालायचा, "कसाई आहेस नुसता!" आणि लगेच दुसरा पेला करायला घ्यायचा. एवढ्याशा पोराचं मत ऐकण्यासाठी तो दिवसभर लिंबं पिळत बसला असता.

पुढे दोघांची लग्नं झाली, केस पिकले, सरबताची बिअर झाली. खेळ तोच राहिला. दादाने घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पातेली, पिंपं, नळ्या असा सगळा संसार मांडला. गव्हाची केली, कडू आयपीए केली, एकदा चेरी घालून आंबट केली ती तर वहिनींनी झाडांना घातली. पण जीव होता तो पोर्टरवर. भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, काळी बिअर, कॉफीच्या अंगाने जाणारी. दरवर्षी क्लबाच्या स्पर्धेत दादाची पोर्टर असायचीच आणि दरवर्षी तिच्यात तीच खोड असायची. लोणी.

हे लोणी काय, ते सांगायला हवं. बिअर आंबत असताना यीस्ट तिच्यात एक लोण्यासारखा वास सोडते. घाई केली नाही तर शेवटच्या दिवसांत तीच तो वास परत शोषून घेते. आपण केलेला पसारा आपणच आवरून ठेवावा तशी. त्यासाठी करायचं काहीच नसतं, फक्त थांबायचं. आणि नेमकं तेच दादाच्या रक्तात नव्हतं. फेस बसला न बसला की हा बाटल्या भरायला बसलाच. कितीही माल्ट भाजा, कडवटपणाला कितीही हॉप्सची फुलं घाला, पहिल्याच घोटाला मागून ते लोणी येणारच.

"अठ्ठावीस," कसाई सांगायचा. "लोणी आहे."

"यंदाही?"

"यंदाही. दादा, चार दिवस थांबलास तर काय बिघडेल?"

"जा रे कसाया," दादा म्हणायचा आणि पुढच्या वर्षाच्या तयारीला लागायचा. बाकीच्या परीक्षकांनी कितीही मार्क दिले तरी दादाला त्याचं सोयरसुतक नसे. त्याला हवे होते ते धाकट्याच्या तोंडचे. एकदा तरी या माणसाने घोट घ्यावा आणि लोणी नाही म्हणावं, एवढीच त्याची हाव.

त्या वर्षी दादा आजारी पडला. डॉक्टरांनी आधी आशा दाखवली, मग नजर चुकवायला लागले, मग हात टेकले. औषधांनी त्याची जीभ मेली. चहा पत्र्यासारखा लागे, फळ पत्र्यासारखं, पाणीसुद्धा. धाकटा रोज संध्याकाळी जाऊन पलंगाशी बसायचा. सगळं बोलणं व्हायचं, पण बिअरचं नाही. स्पर्धेच्या आधी त्या विषयावर तोंड उघडायचं नाही, म्हणजे कोणाची बाटली कुठली याचा सुगावा लागत नाही, हा दोघांचा पूर्वीपासूनचा नियम. फक्त एकदा दादा म्हणाला, "यंदाही पोर्टर टाकलीय. मला आता चव कळत नाही रे. तू सांगशील तीच चव."

धाकट्याने मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात रडून घेतलं.

स्पर्धा टायरच्या दुकानामागच्या हॉलमध्ये भरली. तीन परीक्षक: दातांची एक डॉक्टरीण, एक बेकरीवाला आणि आपला कसाई. टेबलावर साधं पाणी आणि जिभेवरची आधीची चव पुसायला सुका पाव. बाटल्या आत पडद्यामागे उघडायच्या, बाहेर यायचे ते नुसते नंबर घातलेले ग्लास. मार्क मोठ्याने सांगायचे आणि कमी दिले तर का, तेही तिथल्या तिथे बोलायचं. गव्हाच्या बिअरी झाल्या. एकीला पिकल्या केळ्याचा छान वास होता, तिला त्याने एकेचाळीस दिले. आयपीएमध्ये एक निव्वळ गवत चावल्यासारखी, तिला वीस. आंबट बिअरीत एक इतकी आंबट की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही प्यायला लोक लागले तर माझा दवाखाना जोरात चालेल." सगळे हसले. कसाई हसला नाही. त्याचं लक्ष पुढच्या ग्लासांकडे होतं.

पोर्टर आल्या. एक नंबर पातळ, पाणचट. दोन नंबरने मात्र त्याला थांबवलं. त्याने परत घोट घेतला. कॉफी, कडवट चॉकलेट, पावाच्या भाजक्या कडेसारखी चव, आणि शेवट कोरडा, स्वच्छ. गिळल्यावर तोंडात नको ते काही उरत नव्हतं. इतकी नेटकी पोर्टर या टेबलावर त्याने कधी चाखली नव्हती. तीन नंबर बरी होती. मग त्याने चार नंबर नाकाशी नेला आणि त्याच्या काळजात चर्र झालं.

लोणी.

त्या वासाबरोबर लिंबं आली, धपाटे आले, पत्र्याची खोली आली. मरायला टेकला तरी घाई सुटली नाही याची, असं मनात आलं. दादा घरी फोन उशाशी घेऊन पडला असेल. अठ्ठावीस ऐकेल, "यंदाही" म्हणेल, आणि त्याला पुढचं वर्ष नाही.

"चार नंबर," तो म्हणाला, "सेहेचाळीस."

बेकरीवाल्याने मान वळवून पाहिलं. त्याने स्वतः पंचवीस दिले होते. "अहो, लोणी येतंय मागून. तुम्हाला येत नाही?"

"येतंय. शोभतंय तिला," कसाई म्हणाला.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण दोन नंबर मध्ये होता. बाकी दोघांनी त्याला भरघोस मार्क दिले होते, आणि तो तिथे असेपर्यंत चार नंबर कुठेच पोचत नव्हता. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलायला लागला की त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

"दोन नंबर," तो म्हणाला. "तेवीस. राखेसारखी लागते."

डॉक्टरीणबाईंनी ग्लास उचलून परत चाखला आणि खाली ठेवला. कसायाच्या जिभेपुढे कोण बोलणार?

मग नंबर उघडले. पहिली आली ती तीन नंबरची, एका शाळामास्तरांची. चार नंबर निघाला टायरवाल्याचा. पहिल्यांदाच भाग घेतलेला तो माणूस धावत आला आणि दोन्ही हातांनी याचा हात धरून हलवायला लागला. "साहेब, तुमच्याकडून सेहेचाळीस! आता मी दुकान बंद केलं तरी चालेल!" कसाई त्याच्याकडे बघत राहिला. त्याला पुढचं आधीच कळलं होतं. नाक खोटं बोललं नव्हतं. लोणी होतंच, ते दादाचं नव्हतं, एवढंच.

"दोन नंबर पहिला यायचा हो खरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या तेविसाने मागे पडला." आणि त्यांनी दादाचं नाव वाचलं.

मागच्या रांगेत वहिनी उभ्या होत्या. फोन कानाला होता. मार्क ऐकले की लगेच सांग, अशी दादाची ताकीद होती. हा खुर्च्या ढकलत त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा त्या फोन पर्समध्ये ठेवत होत्या.

"सांगितलंत?"

"सांगितलं. तेवीस, आणि राखेचंही. ठेवते म्हटलं तर हं म्हणाले."

घरी जाताना रिक्षात वहिनींनी बाकीचं सांगितलं. पोर्टर पिंपात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी दादाला हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. पत्र्याच्या खोलीला कुलूप. दादा तिकडे पलंगावर तळमळायचा, बाटल्या भरायच्या राहिल्या म्हणून. घरी आला तो उठण्याच्या पलीकडे गेलेला. मग खिडकीतून सूचना देऊन त्याने वहिनींकडून बाटल्या भरून घेतल्या. "आयुष्यात पहिल्यांदा थांबले हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तेही आजाराने थांबवलं म्हणून. मला म्हणत होते, या वेळी तो चाटच पडेल बघ."

धाकटा रिक्षाच्या कडेला डोकं टेकून बसला. त्याला तोंड लपवायला जागा नव्हती.

दादा उशीला टेकून बसला होता. खिडकीतून पत्र्याची खोली दिसत होती.

"ये," तो म्हणाला. "कुठे चुकलं रे? माल्ट जास्त भाजला गेला का? मला वाटलंच होतं."

"दादा, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं." आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. चार नंबर, लोणी, सेहेचाळीस, आणि दोन नंबरला खाली ओढलं तेही. सांगताना त्याला दादाकडे बघवेना.

दादाने पाठीमागची उशी सावरली. "म्हणजे लोणी लागलं म्हणून सेहेचाळीस दिलेस. ती माझी आहे असं समजून."

"हो."

"आयुष्यभर नाही दिलेस ते."

आज का दिले ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनाही ते बोलायचं नव्हतं. धाकट्याने उठून कपाटातली उरलेली एक बाटली आणली, उघडली, ओतली. घोट घेतला. तीच ती. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"लोणी?" दादाने विचारलं.

"नाही. थेंबभर नाही दादा. कॉफी आहे, कडवट चॉकलेट आहे, शेवट एकदम कोरडा. अशी पोर्टर मी कधी प्यायलेलो नाही. कारखान्यात नाही, क्लबात नाही, कुठेच नाही."

"किती?"

"अठ्ठेचाळीस."

दादाने हात पुढे केला. ग्लास ओठांना लावून त्याने जरासा घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि वाट पाहिली. मग ग्लास परत दिला. "पत्रा," तो म्हणाला आणि हसला. "राख, सेहेचाळीस, तेवीस, अठ्ठेचाळीस. एका दिवसात किती मार्क दिलेस रे."

"दादा, आता खरं सांगतोय."

"हो, हो. खरंच सांगतोयस." लहान मुलाची समजूत घालावी तसं तो म्हणाला. धाकट्याच्या हातावर त्याने हळूच थोपटलं. "भला आहेस रे तू. पहिल्यापासूनच भला आहेस."

"शपथेवर सांगतो. वहिनींना विचार, डॉक्टरीणबाईंना फोन लाव, त्या सांगतील."

"त्यांच्या मार्कांचं मी काय करू?" दादा म्हणाला आणि त्याने खिडकीकडे तोंड वळवलं.

त्यानंतर दादा फार दिवस राहिला नाही. धाकटा रोज जायचा, पलंगाशी बसायचा. दादा त्याच्याशी मायेने बोलायचा, त्याला नावाने हाक मारायचा, घरी लवकर जा म्हणायचा. कसाई मात्र तो शेवटपर्यंत पुन्हा म्हणाला नाही.