काकूंनी बँकेशी केलेला सौदा

“ना तुम्हारा, ना मेरा. बीच का बोलो, भैया!” एवढं म्हणून काकू हातातला दुधी ठेल्यावर परत ठेवत आणि ठेल्याकडे पाठ करून उभ्या राहत. निघून जात नसत, नुसत्या उभ्या राहत. भाजीवाला आधी आभाळाकडे बघे, मग काकूंच्या पाठीकडे, आणि शेवटी मधला आकडा सांगून टाके. काकू वळून इतक्या गोड हसत की बिचाऱ्याला आपणच जिंकलो असं वाटे. वरून चार मिरच्याही तो फुकट टाकी.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, विजय नगरच्या आमच्या गल्लीत भाव करणारे पुष्कळ होते. मी करतो, तुम्हीही करत असाल. पण आपण भाव करतो पैसे वाचवायला, काकू करत बोलायला मिळतं म्हणून. पैसे वाचत ती वरकमाई. फिक्स रेटच्या दुकानात त्या पाऊल टाकत नसत. “तिथं बोलायचं काय, भाऊ? पैसे द्या, थैली घ्या, घरी या. शोकसभेला गेल्यासारखं वाटते मला.”

घराला रंग द्यायचा असो की लग्नाला बँड ठरवायचा असो, गल्लीतल्या बायका काकूंना सोबत नेत. नेपियर टाउनच्या एका कोचिंग क्लासात ‘फी कमी होणार नाही’ अशी भलीमोठी पाटी होती. माझ्या मुलीची फी काकूंनी त्या पाटीखालच्या खुर्चीत बसूनच कमी करून आणली. वर तिथल्या सरांच्या बायकोच्या दोन ब्लाउजांची ऑर्डरही घेऊन आल्या.

कारण काकूंचं शिलाईचं दुकान होतं. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. चौकातल्या भाड्याच्या गाळ्यात काकू आणि त्यांची मशीन, एवढाच संसार. शाळांचे गणवेश शिवायचं काम वाढलं तेव्हा त्यांनी बँकेकडून कर्ज काढून आणखी दोन मशिनी घेतल्या. त्यानंतर कोरोना आला, शाळा बंद झाल्या. घरी बसलेल्या पोरांना गणवेश कशाला हवा? काकूंचे हप्ते थकले.

वसुलीचे फोन यायला लागले. या फोनांना माणसं घाबरतात. काकूंना मात्र घरबसल्या बोलायला माणूस मिळाला. एकदा मी समोर बसलो होतो. पलीकडचा दरडावत होता आणि काकू विचारत होत्या, “बेटा, आवाज काहे बैठा है? काढा पिया कर. घर में कौन-कौन है?” हळूहळू तो दरडावायचा थांबला. मग त्याने वरच्या साहेबांना विचारून सांगितलं, की एकरकमी भरत असाल तर बँक कमी पैशांत खातं मिटवायला तयार आहे. कमी पैशांत! काकूंच्या हाती हे शब्द म्हणजे पहिलवानाच्या हाती आखाड्याची माती. पंधरा दिवस त्यांनी साहेबांशी घासाघीस केली आणि बाकी रकमेच्या निम्म्याहूनही कमीत खातं मिटवलं.

त्या संध्याकाळी गल्लीत घरोघरी खव्याची जलेबी गेली. काकूंनी भाव न करता खरेदी केलेली ती पहिलीच वस्तू असावी. “बँकेचं निपटलं, भाऊ,” एवढंच त्या मला म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळा होती, की मी दोन जलेब्या जास्त खाल्ल्या.

दोन-तीन वर्षं चांगली गेली. शाळा सुरू झाल्या, मशिनी धडधडू लागल्या. मग गाळ्याचे मालक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, काकूंकडे आले. त्यांना आपल्या मुलाकडे राहायला जायचं होतं, गाळा विकायचा होता. “दीदी, पहला हक आपका. दिवाली तक रुकूँगा,” ते म्हणाले. काकूंनी सुरुवातीला द्यायच्या रकमेपुरते पैसे साठवले होते, उरलेल्यासाठी त्या एका दुसऱ्या बँकेत कर्ज मागायला गेल्या. नकार आला. मग तिसऱ्या बँकेत गेल्या. तिथेही तेच.

मी नेपियर टाउनमध्ये टॅक्सची कामं करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करतो. काकू तिथे आल्या तेव्हा घामाने डबडबल्या होत्या. मी कॉम्प्युटरवर त्यांचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा सगळा इतिहास, काढला. जुन्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता.

“म्हणजे काय, भाऊ?”

“म्हणजे ठरले होते त्यापेक्षा कमी पैसे घेऊन बँकेनं खातं मिटवलं. पूर्ण फेडलं असतं तर ‘क्लोज्ड’ लिहिलं असतं.”

“पण ते तर खूश झाले होते! साहेबांनी थँक्यू म्हटलं मला.”

“जे हाती लागलं त्यावर खूश झाले, काकू. उरलेलं बुडालं ते लिहून ठेवलं त्यांनी. आता जी बँक तुमचं नाव काढते, तिला हे दिसतं.”

काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “काहून? सौदा त्यांचा नि माझा होता. ते साऱ्या दुनियेला काहून सांगून राहिले? मी दुधी कितीला घेतला हे भाजीवाला पुढच्या चौकात सांगते का?”

मी गप्प बसायला हवं होतं, पण जिभेला हाड नाही. म्हटलं, “सांगतो, काकू. तुम्ही दिसलात की पुढच्या चौकातला ठेलेवाला भावच दहा रुपये वरून सुरू करतो. सगळ्यांना ठाऊक आहे.”

हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. त्या खाली बसल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मला पाणी मागवावं लागलं.

मग मी उपाय सांगितला. बँकेनं तेव्हा सोडलेले पैसे आता स्वतःहून भरायचे, काही बाकी नाही असं पत्र घ्यायचं आणि शेरा बदलायला लावायचा. हप्ते थकल्याच्या खुणा तरीही काही वर्षं राहतील, रिपोर्टवरचा पतीचा आकडा, म्हणजे स्कोअर, सावकाश चढेल आणि कर्ज मिळेलच अशी खात्री नाही. आणि या भरण्यात गाळ्यासाठी साठवलेल्या पैशांतले बहुतेक जातील. म्हणजे गाळा घेता यावा म्हणून गाळ्याचेच पैसे द्यायचे, तेही जे कुणी मागत नाही त्यासाठी.

काकू उठल्या, माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या. त्या वाट पाहत होत्या आणि माझ्याकडे मधला आकडा नव्हता.

“चलो,” शेवटी त्या म्हणाल्या. “सोमवारी तुम्ही माझ्यासंगं चला.”

बँकेतल्या त्या सोमवारची मला अजून मजा वाटते. जुने साहेब बदलून गेले होते. नव्या तरुण साहेबांना आधी वाटलं, बाई भांडायला आल्या आहेत. “मैडम, आपका तो कुछ बाकी ही नहीं है,” ते पुन्हा पुन्हा सांगत होते. “है. देखिए, निकलेगा,” काकू म्हणत होत्या. पैसे घ्या म्हणून विनवणारं गिऱ्हाईक त्या काउंटरने कधी पाहिलं नसावं. आतून फायली आल्या, कुठे कुठे फोन झाले, रक्कम निघाली. साहेब भला माणूस होता. आवाज खाली आणून म्हणाला, “आप खुद चलके आई हैं. ऊपर बात करता हूँ, थोड़ा कम करवा देते हैं.”

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट आवळला होता. समोरचा माणूस आपणहून उतरत होता आणि बोलायला तोंड उघडायचा अवकाश होता. काकूंचे ओठ हललेही.

“नहीं बेटा,” त्या म्हणाल्या. “एक रुपया भी कम मत करना. इस बार पूरा लो.”

बाहेर रिक्षावाल्याने विजय नगरचे काहीतरी अव्वाच्या सव्वा सांगितले. काकू मुकाट्याने बसल्या. घर आल्यावर मागितले तेवढे दिले. रिक्षावाला आमच्याच भागातला, त्यांना ओळखणारा. नोटांकडे पाहून तो घाबरला. “आंटी, तबीयत तो ठीक है? मैंने तो आपके हिसाब से बढ़ा के बोला था,” असं म्हणत त्याने वीस रुपये परत केले. काकू खो खो हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. काकांच्या वेळीही त्या लोकांसमोर रडल्या नव्हत्या.

शेरा बदलायला दिवाळी उलटून गेली. भैयाजी जितके थांबायचे तितके थांबले, मग गाळा एका मोबाइलवाल्याला विकला गेला आणि मशिनी काकूंच्या घरात आल्या. काकू दर महिन्याला माझ्या ऑफिसात येत, स्कोअर किती झाला ते विचारत आणि तीन-चार अंक चढले असले तर शेवेची पुडी ठेवून जात. दीडेक वर्षाने एका बँकेनं होकार दिला, पण जरा जास्त व्याजाने आणि विजय नगरात पुरणार नाही एवढ्याच रकमेला. त्या पैशांत शहराबाहेरच्या पाटणला, बाजारापासून जरा आत, एक गाळा बसत होता. काकू मशिनी घेऊन तिकडे गेल्या. आता आमच्या गल्लीत भाजीवाला पहिला भाव सांगतो, आम्ही तो देतो आणि तो मुकाट्याने पुढे जातो. करमत नाही, खरंच सांगतो.

मागच्या महिन्यात कामानिमित्त पाटणला गेलो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. गाळा एवढासा, तिन्ही मशिनी आत आणि काकू जवळजवळ दारात. चहा झाल्यावर म्हणाल्या, “थांबा, एक दाखवते.” मला बाहेर उभं केलं, शटर खर्रकन खाली ओढलं, कुलूप लावलं आणि पुन्हा उघडलं. मला काही समजेना.

“तिथं एक चावी भैयाजींजवळ राहत होती,” काकू म्हणाल्या. “वीस वर्षं. भला माणूस, पण चावी त्यांच्याजवळ.” मग त्यांनी पदराच्या गाठीतून दुसरी चावी काढली, पहिलीसोबत तळहातावर ठेवली आणि हात माझ्यापुढे धरला. “ह्या दोन्ही माझ्या. मोजा, भाऊ.”

मी मोजल्या.