कशेळीवालीची हळद

भूत-पिशाच्च, अंगात येणं, करणी... यातलं मी काही मानत नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. आमच्या घरात कुणी आजारी पडलं म्हणून भगत कधी उंबरा चढला नाही, मीच चढू दिला नाही. तुम्ही लोक इथं अनुभव लिहिता ते माझी नातसून मला वाचून दाखवते. खरं सांगतो, निम्म्यांना मी थापाडे म्हणतो. तर मलाही म्हणा. शाळा मी दोन इयत्ता शिकलो, लिहिण्यात चूक असेल तर ती माझी. गोष्टीत चूक नाही.

लिहायला कारण नातसूनच. ती कॉम्प्युटरवर आमच्या घराण्याची वंशावळ भरते आहे. माणूस टाकला की तो आधी नाव मागतो. माझ्या आईपाशी गाडी अडली. ती म्हणाली, "आजोबा, नाव माहीत नसेल तर 'अज्ञात' टाकतात. सगळे तसंच करतात."

मी म्हटलं, "खोड ते."

का, म्हणून विचारलं तेव्हा तिला जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढचा उन्हाळा. आमचं गाव भिवंडीपासून सायकलनं अर्ध्या तासावर. मी भिवंडीतल्या निजामपुऱ्यात लूमवर कामाला होतो. थोरली मुलगी सुमन, तिचं लग्न ठरलं. आमच्याकडे तेव्हा लग्नाला धवलारीण लागायची – गाणी म्हणत सगळे विधी करणारी बाई. हळदीच्या संध्याकाळी ती आधी देवांना आवतण देणार, मग घरातल्या मेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव गाण्यात घ्यायचं, त्याच्या नावाची सुपारी तांदळावर ठेवायची, तिला हळद लावायची. ते झालं की मग नवरीला.

माझी आई मी अंगावर पीत होतो तेव्हाच गेली. बापानं दुसरी केली, आणि पहिलीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. सुनेला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारायची आमची पद्धत. माझी आई कशेळीवाली. लग्नात नाव बदललं असेल तर तिची दोन नावं होती... आणि मला एकही माहीत नव्हतं.

लूमवर जॉबरकडे, म्हणजे आमच्या मुकादमाकडे, एक दिवस सुट्टी मागितली. तो म्हणाला, "किसलिए?"

"माँ का नाम ढूँढने."

"क्यों बे, तू लूम से निकला है क्या?" सगळं खातं हसलं. मी सायकल काढली आणि कशेळी गाठली. खाडीकाठी तिचं माहेरघर होतं, तिथं दुसऱ्याच लोकांची जाळी वाळत होती. मामा लोक कधी गेले, कुठं गेले, कुणाला सांगता येईना.

घरी बापाची बहीण होती, माझी आत्या. म्हातारी, पण कान शाबूत. तिला विचारलं, "आत्ये, माझ्या आयचं नाव काय व्हतं?"

"कशेळीवाली."

"ते गाव झालं. नाव?"

"सुनेचं नाव कोन इचारतो रं? हाक मारली का येयाची, बस."

हळदीचा दिवस आला. नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन ओटीवर बसलेली. सुमन पाटावर. बारकूबाय धवलारणीनं आजाचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, सावत्र आईचं घेतलं. मग थांबली.

"आता कोन?"

"माझी आय. कशेळीवाली."

"भाऊ, कशेळीच्या चार जनी या गावात नांदल्या. मी आवतन कंच्या घरात टाकू? नावाबिगर जमायचं न्हाय. मी पुढं जातंय."

"तिला सोडून हळद लागनार न्हाय."

बायको माझ्या कानाशी आली. "जितीजागती पोर पाटावर बसलेय, नि तुमाला मेलेलीचं पडलंय! ती मानसं उठून गेली मंजे?"

"जाऊ दे गेली तर."

ओटीवर कुजबुज सुरू झाली. नवऱ्याच्या काकानं तर चप्पल पायात सरकवली. मी हललो नाही. आजाची, बापाची, सगळ्यांची सुपारी मांडायची आणि जिनं मला जन्म दिला तीच तेवढी बाहेर? शेवटी बारकूबायनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"बरं बाबा, मारतंय हाक. पन भलतीच आली तर?"

"जी येल ती माझी आय."

बायका खो खो हसल्या. बारकूबायनं गाण्यात 'कशेळीवाली माय' म्हणून हाक मारली, सुपारी ठेवली, हळद लावली. झालं. बत्ती भडकली नाही, वारा सुटला नाही, कुत्रं रडलं नाही. मी नीट बघत होतो.

नवरीला हळद लागली, बायका जेवायला उठल्या. मी सुमनपाशी गेलो तर ती म्हणाली, "बाबा, शेवटाला आली ती बाई कोन?"

"कोन शेवटाला?"

"डोल्यांत हळद गेली म्हनून मी मिटून बसलेली. एकीनं माझं पाय मांडीवर घेतलं. तान्ह्या पोराला तेल लावतात ना, तशी हळद लावली... एकेक बोट ओढून, तळव्यांना पन. मी जरा डोलं किलकिलं केलं तर नुसता हात दिसला. डावा. मी बोलले, काकी, उजव्या हातानं लावा. ती हसली, नि तशीच लावत ऱ्हायली."

बायको म्हणाली, "मी हिच्या बाजूलाच व्हते. शेवटाला शेजारीण लावून गेली, तिच्या मागनं कुनी न्हाय आलं."

मी सुमनचे पाय बघितले. तळवे पिवळे, बोटांच्या बेचक्यासुद्धा पिवळ्या. आमच्याकडे नवरीच्या तळव्याला कुणी हळद लावत नाही.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "डाव्या हातानं?"

मी म्हटलं, "हां, आत्ये."

"कशेळीवाली डावरी व्हती. वाढायला घेतलं का माझी आय तिच्या हातावर पळी मारायची."

माझा आवाज चढला. "इतकी वर्सं मंग बोलली का न्हाईस?"

"तू नाव इचारत व्हतास. हात कुटं इचारलास?"

मी डावरा आहे. गुरुजींनी त्यावरून बोटांवर पट्ट्या मारल्या म्हणून तर शाळा सोडली. घरात दुसरं कुणी डावरं नाही. माझ्यात हे कुठून आलं, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

नंतर मी घरोघर विचारत फिरलो. गावात डावरी बाई कुणी निघाली नाही. कशेळीच्या चौघींपैकी एकच हयात होती, ती त्या दिवशी लेकीकडे कल्याणला होती. बारकूबायला विचारलं तर म्हणाली, "मी हाक मारली. कोन आली ते तुमी बघायचं." नातसून म्हणते, नवरी थकून पेंगली असेल, स्वप्न पडलं असेल. असेल बाबा. मग तळव्यांना हळद कुणी लावली? मला तर अजून सांगता येत नाही.

तिनं ते 'अज्ञात' खोडलं. आता तिथं 'कशेळीवाली' लिहिलंय.

परवा सुमनला फोन लावला. ती आता स्वतः आजी आहे. म्हटलं, पोरी, पुन्हा एकदा आठव, ती काही बोलली का? सुमन म्हणाली, "न्हाय बाबा. उजव्या हातानं लावा, हे सांगायला मला तोंड होतं... तेव्हाच नाव विचारलं असतं तर?"