हेमलताबाईंनी प्रिंटर आणला

भाषांतर विभागातून निवृत्त झाल्यावर हेमलता राजवाड्यांनी मयूर विहारच्या आपल्या फ्लॅटमध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग सुरू केला. दिल्लीत वाढलेली मुलं घरट्याला ‘घोंसला’ म्हणत, आणि बाईंना ते लागायचं. धडे त्या स्वतःच कॉम्प्युटरवर लिहीत. एकदा व्हायरसनं ते सगळे धडे गिळले. मुनिरक्यात खोली घेऊन एम.एस्सी. करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, कादंबरीनं, मग विंडोज काढून व्हायरस सहसा न लागणारं लिनक्स घालून दिलं. ते बाईंना मानवलं. पण घरी प्रिंटर आणला तेव्हा त्यातून पानभर नुसत्या खुणा बाहेर पडल्या. दुकानदारानं तर सांगितलं होतं, “सब पे चलता है.”

कादंबरीनं दिवसभर खटपट केली आणि हात टेकले.

“आई, ह्याला विंडोजच लागतं. कंपनीनं लिनक्ससाठी काही दिलेलंच नाही. पुन्हा विंडोज टाकायचं का?”

“नको. परत सगळं गेलं तर माझ्यात लिहायची ताकद नाही.”

“मग पोस्टस्क्रिप्टवाला लेझर प्रिंटर बघ, त्याला कंपनीचं वेगळं काही लागत नाही. ऑफिसातला जुनाही चालेल. पण लावून बघितल्याशिवाय घेऊ नकोस.”

बाईंनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी सीपीयू चादरीत गुंडाळून त्या नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात निघाल्या.

“अगं, हे ओझं घेऊन? लोक हसतील,” त्यांचे यजमान श्रीरंगराव म्हणाले. तरी ऑटोत तो डबा त्यांनीच मांडीवर घेतला.

लोक हसलेच. लिनक्सचं नाव काढलं की दुकानदार मान हलवत. शेवटी तळघरात जुने प्रिंटर विकणाऱ्या इंद्रजितनं मॉनिटर आणि प्लग दिला. एक प्रिंटर गप्पच राहिला. दुसऱ्याचा लाल दिवा लुकलुकत बसला.

“आंटी, लंच का टाइम हो गया.”

“आप खाइए, मैं बैठी हूँ.”

इंद्रजितनं डबा उघडला आणि अर्धा पराठा त्यांच्यापुढे केला. खाता खाता त्याला मागं पडलेला एक अवजड लेझर आठवला. त्यानं आणि श्रीरंगरावांनी मिळून तो उचलून आणला. बाईंनी बटण दाबलं. थोडी घरघर झाली आणि सुगरणीच्या घरट्याचा धडा काना-मात्रांसकट बाहेर आला. बाई गरम कागदावरून हात फिरवत राहिल्या. सकाळपासून अवघडून उभे असलेल्या श्रीरंगरावांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि तिथंच मोठ्यानं वाचायला लागले.

“ये किसके लिए है?” इंद्रजितनं विचारलं. बाईंनी वर्गाबद्दल सांगितलं.

“मेरी बेटी भी गुरमुखी नहीं पढ़ती. घर में कोई सिखाता ही नहीं.”

तो प्रिंटर घरी येऊन नीट चालू लागला. रविवारी मुलांच्या हातात छापील धडे आले. नंतर बाईंनी कादंबरीला फोन करून पंजाबीच्या गुरमुखी लिपीचा फाँट टाकून घेतला. एका पानावर एक, अशी ठळक अक्षरं छापली आणि पुन्हा नेहरू प्लेस गाठलं.

“मुझे तो पढ़ना नहीं आता. देख लीजिए, ठीक हैं न?” त्या म्हणाल्या.

इंद्रजितनं गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं आणि एकेक पान बघत बसला.