झुकिनीचं पाणी

आज सकाळी परसातलं हळदीचं पान तोडलं, हाताला वास लागला आणि तो दिवस आठवला. सून नवी होती. तिचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार, म्हणून तिने मोबाइलवर बघून झुकिनीचा केक केला. झुकिनी म्हणजे काकडीसारखी दिसणारी बाहेरची भाजी, आता पनवेलच्या बाजारातही मिळते. केक वरून छान लाल झाला, पण सुरी घातली तर आत नुसता चिखल. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बोललो, "यो केक कुत्रा पन खानार नाय." बायको म्हणाली, "तोंड नका चालवू, परसातलं हळदीचं पान आना." मी पान घेऊन आलो तोवर तिने उरलेली झुकिनी किसून फडक्यात पिळली होती. मैद्याऐवजी भाजलेला रवा घेतला, साखरेऐवजी गूळ, आणि भांड्याच्या तळाशी पान. आमच्यात मोठ्या काकडीची तवसळी अशीच करतात. सून म्हणाली, "आई, याला केक म्हणायचं?" "फुगला तर केक, नायतर तवसळी. आपलं काय जातंय गो?" केक फुगला. विहीणबाईंनी दोनदा मागून घेतला. बायकोने सांगितलं, सुनेनं केलाय. आता बायको नाही. सून केक करते, कीस मी पिळतो. आज पिळून झाल्यावर पाणी मोरीत ओतायला निघालो, तर सून म्हणाली, "बाबा, टाकू नका. आई त्यातच रवा भिजवायच्या." इतकी वर्षं बायकोच्या हातचं खाल्लं, हे मला ठाऊकच नव्हतं.